बटणं कुणी मोडली

माझ्या सुनेला नखं नाहीत. म्हणजे आहेत, देवाने दिली तेवढी आहेत, पण ती बोटाबाहेर कधी डोकावत नाहीत. ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा छाप घेऊन आमच्या घरामागच्या खोलीत पाठवतात. तिथे ही प्लास्टरचा जबडा ओतते, त्यावर मेण चढवते आणि मेणात एकेक दात रोवते. नख जरा वाढलं तर मेणावर ओरखडा उठतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून लग्नात सगळ्या बायकांनी हिची नखं रंगवायला घेतली तेव्हा रंगवायला काही सापडेना. अशा बाईला सर्व्हिस सेंटरमधल्या त्या कडक इस्त्रीच्या शर्टाने तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुम्ही बटणं नखांनी दाबता. लेडीज कस्टमरकडे हे कॉमन आहे."

तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून खाली आलेली नाही. पण मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारी उगाच भांडते. म्हणून पहिल्यापासून सांगते.

गाडी तिची आहे. माझ्या मुलाची नाही, माझी नाही, तिची. तयार कवळ्या पोचवायला शहरभर हिंडावं लागतं म्हणून तिने घेतली, तीही दुसऱ्याने वापरून सोडलेली. वय झालंय तिचं, पण इंजिन माझ्या गुडघ्यांपेक्षा बरं चालतं. पुढे रेडिओच्या खाली एक काळी पट्टी आहे, तिच्यावर हवेची बटणं. गार, गरम, पंखा कमी, पंखा जास्त, आणि पुढच्या काचेवरची वाफ घालवायचं एक. आधी पंख्याच्या बटणाचा रंग सुटला. आतून चिकट काहीतरी निघालं, ते डिंकासारखं बोटाला यायचं. मग गारचं बटण दाबलं की आत जाऊन बसायचं, रुसलेल्या जावयासारखं. कितीही विनवा, बाहेर येणार नाही. पाठोपाठ गरमचंही तसंच झालं. आणि ते एका भर दुपारी आत अडकलं, ते गाडीची भट्टी करूनच.

त्या दुपारी मागच्या सीटवर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीचा मेणाचा नमुना होता. पक्की कवळी करण्याआधी मेणात दात बसवून तोंडात नीट बसते का, ते बघतात. दवाखान्यात डबा उघडला तर मेण मऊ पडलेलं आणि सगळे दात एका अंगाला कललेले, बस वळली की उभे प्रवासी कलतात तसे. ते गृहस्थ खुर्चीत आ करून बसलेले. बिचारे कधीपासून पातळ खाऊन दिवस काढत होते. सुनेने हात जोडले. ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "असू दे गं पोरी. इतके दिवस गेले, आणखी थोडे." घरी येऊन ती म्हणाली, "आई, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

आमच्या चिरंजीवांनी यावर तोडगा काढला. "काचा उघड्या ठेवायच्या." आमचे चिरंजीव असेच आहेत. घराला आग लागली तर आधी हात शेकून घेतील.

काचा उघड्या ठेवून काही दिवस निघाले, तोवर भट्टीही आपोआप विझली. मग एका सकाळी ती मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. बाहेर गारठा आणि भुरभुर पाऊस, म्हणून काचा बंद. आत आम्हा दोघींचे श्वास. बघता बघता पुढची काच दुधासारखी पांढरी झाली. तिने वाफेचं बटण दाबलं. ते आत गेलं आणि तिथेच राहिलं. पुन्हा दाबलं, अंगठ्याने, मग गाडीच्या किल्लीने. काही नाही. मी पदराने माझ्या बाजूची काच पुसत होते, ती रुमालाने तिच्या बाजूची. पुसलं की क्षणभर दिसायचं, पुन्हा पांढरं. ती गाडी कडेला घ्यायच्या बेतातच होती, तेवढ्यात त्या पांढऱ्यात काहीतरी लाल हललं. तिने ब्रेक दाबला. माझं कपाळ पुढे आपटता आपटता राहिलं.

ती एका लहान मुलीची लाल छत्री होती. गाडीच्या नाकाला टेकून थांबली होती. छत्रीखाली मुलगी, मुलीचा हात धरलेली तिची आई. त्या आईने बॉनेटवर असा काही हात मारला की मला तो छातीत लागला.

"दिसत नाही का तुम्हाला? आंधळ्या आहात का?"

सुनेने काच खाली केली. "नाही दिसलं," ती म्हणाली. "खरंच नाही दिसलं."

"दिसत नाही तर चालवता कशाला?"

बाई बरोबरच बोलत होती. ती गेल्यावर सून गाडी कडेला लावून नुसती बसून राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ लाकडासारखी ताठ. कानाचे डॉक्टर राहिले बाजूला. ती म्हणाली, "आई, आपण आत्ताच्या आत्ता सर्व्हिस सेंटरला जातोय." आणि भर गारठ्यात चारही काचा उघड्या टाकून, मला शालीत गुंडाळून, ती तशीच निघाली.

सर्व्हिस सेंटर म्हणजे नुसता काचेचा महाल. पुढच्या हॉलमध्ये नव्या गाड्या उजेडात न्हाऊन उभ्या, कॉफीचं मशीन, मऊ सोफे, भिंतभर टीव्ही. मागे पत्र्याची मोठी शेड, तिथे आमच्यासारख्यांच्या गाड्या. दोन्हीच्या मध्ये एक मोठी काच, म्हणजे आपली गाडी आपण बघत बसायचं, आयसीयूच्या बाहेर बसतात तसं. इस्त्रीचा शर्ट हातात टॅब घेऊन आला. तरुण होता, वागायला गोड. गाडीत वाकला, एक बटण दाबून बघितलं, बोट रुमालाला पुसलं आणि ते नखांचं वाक्य बोलला.

सुनेने दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरले.

तो हातांकडे बघून हसला. "आत्ता कापली असतील मॅडम."

मी आयुष्यभर टपालाच्या खिडकीवर बसले. खिडकीच्या अलीकडून आणि पलीकडून माणसं किती प्रकारे खोटं बोलतात ते मला पाठ आहे. स्वतःचं खोटं बोलणारा डोळे चुकवतो. हा चुकवत नव्हता. हा पाढे म्हटल्यासारखं बोलत होता.

"बटणं बदलून द्या," सून म्हणाली.

"बटणं सुटी येत नाहीत. अख्खं पॅनल येतं."

"मग पॅनल बदला."

"या मॉडेलचं पॅनल कंपनीने बंद केलंय. कुठेच मिळणार नाही. खरं सांगू का मॅडम, गाडीचं वय झालंय. एक्सचेंजची स्कीम चालू आहे. पलीकडे आमचे सर बसलेत, नुसतं बोलून तर बघा."

म्हणजे बघा हं. बटण यांचं, मोडलं यांचं, आणि उपाय काय, तर यांचीच नवी गाडी घ्या. चोर तो चोर, वर शिरजोर. बरं, बटण म्हणजे काही शोभेची वस्तू नाही. तासाभरापूर्वी त्या बटणापायी एक पोर गेली असती. सुनेने त्याला तेही सांगितलं, शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "वाफ आली की काच थोडी उघडी ठेवायची मॅडम." माझ्या चिरंजीवांचा हरवलेला भाऊच तो.

आम्हाला सोफ्यावर बसवून तो बिल्डिंगच्या पोटात कुठेतरी गेला. मी कॉफी घेऊन आले तर सून सोफ्यावर नाही. बघते तर ती मधल्या काचेला नाक लावून उभी. शेडमध्ये आमच्याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. ती दार ढकलून सरळ आत गेली. 'ग्राहकांना प्रवेश नाही' अशी पाटी होती, ती तिने वाचलीही नसेल. एका गाडीत डोकावली, मग दुसऱ्या. परत आली ती चेहरा लाल करून.

"आई, त्या दोन्ही गाड्यांची तीच बटणं. वाफेचं आत गेलेलं, गारचं आत गेलेलं, पंख्याच्या बटणाचा रंग तसाच सुटलेला. अगदी त्याच कोपऱ्यातून."

आणि मग तिने जे केलं ते तिने याआधी जन्मात केलं नसेल. ही मुलगी लग्नात पंगतीत दोनदा मीठ मागायला लाजली होती. ती सोफ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "त्या करड्या गाडीचे आणि त्या निळ्या गाडीचे मालक कोण आहेत?"

सगळे टीव्हीवरून तिच्याकडे वळले. कोपऱ्यातून एक आडदांड माणूस उठला. मान आणि खांदे वेगळे दिसत नव्हते, बोटं केळ्यांएवढी. तो लाद्या बसवायचं काम करतो हे नंतर कळलं, मी मात्र त्याला तेव्हापासून पैलवानच म्हणते. "करडी माझी. का हो ताई?"

"हवेच्या बटणांचं काय सांगितलं तुम्हाला?"

त्याने खाली बघितलं. "माझ्या बोटांत जोर जास्त आहे म्हणाले. हळू दाबायला पाहिजे होतं." एवढा मोठा माणूस, पण शाळेत ओरडा खाल्ल्यासारखा बोलला. "बायको पण तेच म्हणते, तू हात लावशील ते मोडतोस."

निळी गाडी एका निवृत्त मास्तरांची होती. बारीक अंग, जाड चष्मा. ते म्हणाले, "मला सांगितलं की मी ओल्या फडक्याने पुसतो. पुसतो मी, खरं आहे. स्वच्छता वाईट असते हे मला माहीत नव्हतं."

"माझी नखं लांब आहेत म्हणे," सून म्हणाली आणि हात वर केले.

पैलवानाने तिचे हात बघितले, मग स्वतःचे बघितले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. सोफ्यावरची सगळी माणसं आता आमच्याकडे बघत होती. मास्तर सावकाश म्हणाले, "बाई, बटण एक, मोडण्याची जागा एक, आणि गुन्हेगार तीन. हे गणित चुकलंय."

"चुकलेलं नाही, चुकवलंय," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

एवढं झाल्यावर बिल्डिंगचं पोट ढवळलं. इस्त्रीचा शर्ट धावत आला, त्याच्यामागून मॅनेजर. मॅनेजर म्हणजे नुसता मध. "ताई, आई, इथे कशाला, आत केबिनमध्ये बसू ना." पैलवान आणि मास्तर उठले, तर त्यांना म्हणाला, "तुमचंही बघतो, एकेकाचं बघतो." आणि आम्हा दोघींना आत घेऊन दार लावलं.

आत गेल्यावर मध आणखी पातळ झाला. आमच्या स्टोअरमध्ये या मॉडेलचं एक पॅनल शिल्लक आहे म्हणाला. स्पेशल केस म्हणून ते आजच्या आज बसवून देतो, एक पैसा न घेता. फक्त बाहेर जो काही गैरसमज झालाय तो वाढवू नये, एवढीच विनंती.

"आत्ताच तुमचा माणूस म्हणाला की पॅनल कुठेच मिळत नाही," सून म्हणाली.

"त्याला कल्पना नसेल."

"आणि माझी नखं?"

"ते सोडा ना ताई."

"बाहेरच्या त्या दोघांना काय देणार?"

"त्यांचं आम्ही त्यांच्याशी बोलू. तुम्ही तुमचं बघा."

आता खरं सांगते. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. घे गं बाई, असं सांगत होते मी. सकाळची ती लाल छत्री माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. फुकट मिळतंय, आजच मिळतंय, काच स्वच्छ होतेय. जगाचा मक्ता आपण घेतलाय का? पण तिने पाय मागे घेतला.

"बसवा," ती म्हणाली. "पण बाहेर जाऊन त्या दोघांसमोर सांगा की दोष बटणांचा आहे. आमचा नाही."

मॅनेजरचा मध आटला. "तसं मला सांगता येणार नाही."

"मग मलाही घेता येणार नाही."

आम्ही बाहेर आलो. तिने पैलवानाला आणि मास्तरांना आत काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. फोन नंबरांची देवाणघेवाण झाली. आणि आम्ही गेलो तशाच, काचा उघड्या टाकून, कुडकुडत घरी निघालो. वाटेत मी तिला सोडलं नाही.

"तत्त्व घेऊन काय चाटायचंय? काच पुसेल का तुझं तत्त्व?"

"आई, ते पॅनल घेतलं असतं तर माझी नखं लांब होती असं मी कबूल केल्यासारखं झालं असतं."

"कबूल करायला कुणी विचारलं होतं?"

"मला विचारलं होतं. मलाच."

घरापर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. चिरंजीवांनी दार उघडलं, दोघींचे चेहरे बघितले आणि शहाण्यासारखे आत निघून गेले.

रविवारी तिने गाडी मागच्या खोलीच्या दाराशी आणून लावली. खोलीत तिचं सगळं सामान असतं: प्लास्टरची पोती, मेणाच्या पट्ट्या, छोटा बर्नर, घासायचं मशीन, आणि फळीवर ओळीने शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे. मेण कोरायची चपटी सुरी तिने काळ्या पट्टीच्या कडेला सरकवली आणि हळूहळू उचकटायला लागली. मी शेजारी स्टूल टाकून बसले. अबोला होता, पण बघायला काय हरकत आहे? कट्कन आवाज झाला. प्लास्टिकचा एक आकडा मोडला होता. तिने जीभ चावली. पुढे स्क्रू निघाले, मागून वायरींची चपटी पट्टी सुटली, आणि पॅनल तिच्या हातात आलं.

तिने ते टेबलावर पालथं करून उघडलं. मग मला म्हणाली, "आई, इकडे या."

अबोला सुटला. मी चष्मा सारखा करून वाकले. प्रत्येक बटणाला मागून एक बारीक खुंटी होती. बटण दाबलं की खुंटी खालच्या रबराला टेकते, मग मशीनला कळतं. ती खुंटी कसली, उदबत्तीची काडी तरी जाड असते. जास्त वापरातल्या सगळ्या बटणांच्या खुंट्या बुडापाशी तडकलेल्या. वरून रंगाचा तो चिकट डिंक आत झिरपून रबरावर बसलेला.

"लोकांच्या तोंडात मी जो आकडा घालते ना," ती म्हणाली, "ज्याने रोज फक्त घास चावताना कवळी धरून ठेवायचीय, तो मी याच्या कितीतरी जाड करते. कारण मला माहीत असतं, तो मोडला तर माणूस उपाशी राहील." तिचा आवाज चढत गेला. "हे ज्याने काढलं त्याला माहीत नव्हतं, हे रोज दाबणार म्हणून? बटण आहे हो! बटण दाबायचं नाही तर काय त्याची पूजा करायची?"

मी म्हणाले, "बोल. मोठ्याने बोल. इथे जबड्यांशिवाय कुणी ऐकत नाही."

तिने न मोडलेलं एक बटण काढलं आणि दातांचा छाप घ्यायच्या पेस्टमध्ये दाबून त्याचा छाप घेतला. छापात खुंटीची जागा कोरून रुंद केली. मग कवळीच्या हिरड्यांसाठी असतं ते गुलाबी मटेरियल कालवून ओतलं. दुसरा रंग घरात नव्हता. घट्ट झाल्यावर काढलं, घासलं, त्यावर खुणा कोरून काळा रंग भरला. रबरं आणि त्याखालची पाटी स्पिरिटने पुसली. हिरड्यांच्या रंगाची बटणं ओळीने मांडलेली बघून मला हसू आवरेना. म्हटलं, "गाडीला कवळी बसवतेस की काय?" तीही हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसली.

हसणं टिकलं नाही. सगळं जागेवर बसवून गाडी चालू केली, तर काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही, गार नाही, गरम नाही. आधी निदान दिवा तरी लागत होता. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. "मीच मोडलं आई. आता खरंच मी मोडलं."

मी चहा टाकायला गेले आणि जाता जाता पैलवानाला फोन लावला. तो निळी पॅन्ट, पायाला सिमेंट, असा तसाच कामावरून आला. "ताई, बॅटरीची वायर काढली होती का आधी?"

"नाही."

"मग फ्यूज उडाला असेल." त्याने त्या केळ्यांएवढ्या बोटांनी पायाजवळचं झाकण उघडलं आणि एक चिमुकला फ्यूज असा अलगद काढला, की मी म्हटलं, या माणसाच्या बोटांना नावं ठेवणाऱ्याला इथे आणून उभं करावं. नवा फ्यूज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला. एक बटण घट्ट बसत होतं, ते पुन्हा काढून घासावं लागलं. संध्याकाळ होत आली तेव्हा सुनेने वाफेचं बटण दाबलं. ते आत गेलं, टक् करून बाहेर आलं, आणि काचेच्या बुडातून फूऽऽ करून हवा सुटली. पैलवानाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या. सून नुसती काचेवर हात ठेवून बसली.

पुढच्या रविवारी पैलवानाची गाडी झाली, त्यापुढच्या मास्तरांची. मास्तरांना गुलाबी रंग मनापासून आवडला. ते म्हणाले, आता मी खुशाल ओल्या फडक्याने पुसेन. त्यांनी ग्राहकांच्या तक्रारींच्या कचेरीतही धाव घेतली. तिथे आम्ही तिघं-चौघं जाऊन उभे राहिलो. कंपनीकडून उत्तर आलं, की बटणं काळजीपूर्वक वापरणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. ते प्रकरण अजून चालू आहे, आणि मास्तर म्हणतात, मी अजून जिवंत आहे.

एवढ्यावर थांबलं असतं. पण एका सकाळी दारात तो उभा. इस्त्रीचा शर्ट. सुट्टीच्या दिवशीही इस्त्री कडक.

"मॅडम आहेत का?"

"नखं वाढवतायत," मी म्हणाले. "बस."

त्याने मान खाली घातली, पण बसला. सून हात पुसत बाहेर आली. त्याला मॅनेजरने पाठवलं होतं. म्हणे, ग्राहक आता विचारायला लागलेत की ती कवळीवाली बटणं कुठे मिळतात. तर मॅडमनी काळ्या रंगात बनवून सेंटरला पुरवावीत. सेंटर ती आपल्या नावाने बसवून देईल.

"देईन," सून म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. "एका अटीवर. बसवताना प्रत्येकाला सांगायचं, की मूळ बटण कच्चं होतं. लिहून नको, नुसतं तोंडाने सांगा."

तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवतात. आधी वापरणाऱ्याची चूक शोधायची. काही ना काही सापडतंच. मी माझ्या मनाने नाही बोललो त्या दिवशी."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," मी म्हणाले. "पण तोंड तर तुझं होतं ना?"

"तेवढं सोडून काही सांगा मॅडम."

"तेवढंच आहे माझ्याकडे," सून म्हणाली.

तो उठला. फाटकापर्यंत गेला आणि तिथे घुटमळला. फाटकाची कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग परत आला आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "माझ्या वडिलांचीही हीच गाडी आहे. बटणं गेलीत. त्यांच्यासाठी एक सेट मिळेल का?"

सुनेने विचारलं, "त्यांना काय सांगितलंस?"

त्याने कडक बाही सारखी केली. मग म्हणाला, "गाडी उन्हात उभी करता म्हणून, असं."

मी तोंडावर हात ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ! परक्याला फसवणं मी समजू शकते. समजू शकते म्हणजे माफ करते असं नाही. पण बापाला?

सून रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. म्हणाली, "रविवारी गाडी घेऊन ये. वडिलांना घेऊन ये. पण मी पॅनलला हात लावायच्या आधी तू त्यांना खरं सांगायचं. माझ्यासमोर."

त्या रविवारी तो येईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. आला. गाडी वडीलच चालवत होते. बुटके, टक्कल पडलेले, एका पायाने लंगडत उतरले. सुनेला नमस्कार करून म्हणाले, "मुलाने तुमचं फार कौतुक केलं." मुलगा त्यांच्या मागे, चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा.

"बाबा," तो म्हणाला. "बटणं उन्हाने गेली नाहीत."

"मग?"

"ती मुळातच कच्ची आहेत. सगळ्यांची जातात. मला माहीत होतं."

म्हाताऱ्याला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर चढत गेलेलं मला दिसलं. ते माझ्याकडे वळले. मी वयाने जवळची म्हणून असेल.

"आमच्या इमारतीखाली सावली नाही," ते म्हणाले. "मी गाडी बाजाराच्या मागे झाडाखाली लावतो. तिथून घरापर्यंत चालत येतो. रोज. हा गुडघा असा असून. बायकोने सांगितलेलं सामान हातात घेऊन. हा बघतो मला रोज चालताना." मग मुलाकडे वळून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तू बघायचास ना रे?"

मुलगा रडला. मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोलू, थोडी आली. पण त्याला शिकवणाऱ्याची, त्या थंडगार काचेच्या महालात बसून पोरांकडून असं वदवून घेणाऱ्याची मला जी चीड आली, तिला तोंड नाही. तो माणूस कधी कुणाच्या फाटकात येऊन उभा राहणार नाही. त्याचा बाप कधी लंगडत चालणार नाही.

सुनेने काम सुरू केलं. या वेळी आधी बॅटरीची वायर काढली. म्हातारे स्टुलावर बसून फळीवरचे जबडे बघत राहिले. मी चहा दिला, तो त्यांनी घेतला. मुलाला दिला, त्याने हातात धरून गार केला. काम झाल्यावर म्हातारे गाडीत बसले, गारचं बटण दाबलं, हवा तोंडावर घेतली. दोनदा दाबून बघितलं. सुनेला म्हणाले, "पोरी, हात चांगला आहे तुझा."

मुलगा पुढच्या सीटचं दार उघडायला गेला.

"मागे बस," म्हातारे म्हणाले.

तो मागे बसला. गाडी फाटकाबाहेर गेली आणि बाजारामागच्या झाडाकडे न वळता थेट त्यांच्या घराच्या रस्त्याला लागली.